मधली चार पानं

कोल्हापुरात त्या काळी पुस्तक बांधायला टाकायचं म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. गंगावेशीकडून आत शिरणाऱ्या एका बोळात चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. उंबऱ्यात उभं राहून तुम्ही फाटकं पुस्तक पुढं केलंत की चाचा ते हातात घेत, पण उघडत नसत. आधी तोलत. मग पाठ बघत, कोपरे बघत, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत आणि तुमच्या घरादाराची कुंडली सांगायला लागत. हे पुस्तक उशाला घेऊन झोपता. इथं हळद लागलीय, म्हणजे चुलीपाशी वाचत बसता. इथवर आलात आणि पुढं वाचलंच नाहीत. एका नामांकित वकिलांचा जाडजूड कायद्याचा ग्रंथ त्यांनी चारचौघांत असाच उलगडून दाखवला होता. पहिली वीस पानं मळलेली आणि उरलेली आठशे छापखान्यातून आली तशी. त्यानंतर वकीलसाहेब आपल्या कारकुनाला पाठवत, स्वतः कधी त्या बोळात आले नाहीत.

सगळं गाव त्यांना चाचाच म्हणे. अंगानं हडकुळे, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादासारखा. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथं शिवणकामाचा मेण लावलेला दोरा बांधून तो कानामागं अडकवलेला. खळ ते स्वतः शिजवत. गव्हाचं पीठ, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. रोज सकाळी चुलीवर आधी खळ चढे, मग भाकरीचा तवा. त्यांची बायको, म्हणजे आमच्या चाची, यावरून पंचवीस वर्षं कुरकुरत होत्या. चाचांचं उत्तरही पंचवीस वर्षं एकच होतं, की भाकरी बिघडली तर तो एक दिवस बिघडतो, पण पुस्तक घरात नातवंडांपर्यंत राहायचं असतं.

नवं बांधलेलं पुस्तक ते सहजासहजी हातात देत नसत. पाठीवर उभं धरून पुढची थोडी पानं दाबायची, मग मागची थोडी, पुन्हा पुढची, असं करत मधोमध यायचं, हे त्यांच्यादेखत करून दाखवावं लागे. बोटाला थुंकी लावलीत की पुस्तक परत आत. एका पेन्शनर मामलेदारांना त्यांनी असं दोनदा रिकाम्या हातानं घरी पाठवलं. तिसऱ्या खेपेला मामलेदार धोतराला बोट पुसत उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. पोथी बांधायला आली तर चाचा आंघोळ करून बसत आणि कातडं न वापरता कापडच लावत. कुणाच्या घरी काय चालतं आणि काय नाही, हे त्यांना त्या घरच्या सुनांपेक्षा जास्त ठाऊक असे.

पण यांपैकी कशालाच मी विक्षिप्तपणा म्हणणार नाही. खरा विक्षिप्तपणा पुढंच आहे. छापखान्यातून सुट्या फर्म्यांच्या रूपात आलेलं कुठलंही नवं पुस्तक चाचा वाचून दाखवल्याशिवाय शिवत नसत. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं. त्याची घडी घालायची, अशा घड्या ओळीनं रचायच्या आणि शिवायच्या, की झालं पुस्तक. चाचांना कुराण वाचता येई, उर्दू येई, आपली बाळबोध अक्षरं मात्र येत नव्हती. तेव्हा ज्याचं पुस्तक त्यानं दुकानात बसून मोठ्यानं वाचायचं आणि चाचांनी हातातलं दुसऱ्याचं काम करत ऐकायचं, असा शिरस्ता होता. आत काय आहे ते कळल्याशिवाय वरून कापड कुठलं घालू, असं ते विचारत. शेतकीवरचं एक अख्खं पुस्तक एका ओव्हरसियरनं त्यांना आठ दिवस वाचून दाखवलं, आणि नवव्या दिवशी चाचांनी त्यातल्या खतांच्या प्रकरणावर शंका काढल्या.

आणि ते दोन शिकंजे. शिकंजा म्हणजे दोन जाड पाट आणि वरून पिळायचं लाकडी मळसूत्र. शिवलेलं पुस्तक त्यात दाबून ठेवतात. दुकानात असे दोन होते, पण चाचा वापरत एकच. दुसरा कोपऱ्यात कायम घट्ट पिळलेला आणि वर जुनं कापड टाकलेलं. त्यामुळं काम तुंबून राही, गिऱ्हाईक खोळंबे आणि लोक थट्टेनं म्हणत की चाचांनी त्यात मोहरा दाबून ठेवल्यात. चाचा एवढंच म्हणत, की त्यात एक काम आहे, व्हायचंय.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. राधानगरीकडच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याचा पोरगा. महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात राहून शिकलो, कोल्हापुरातच शाळामास्तर झालो, आणि मग माझ्या अंगात लेखक संचारला. मी कादंबरी लिहिली. एका बापाचा मुलगा साथीत जातो आणि तो बाप दुःखानं वेडापिसा होतो, असा विषय. माझं स्वतःचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. कुणाचं मूल कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. पण वाचकाला रडवणं म्हणजे मोठं लिहिणं, अशी माझी पक्की समजूत होती, आणि रडवायला पोर गमावलेल्या बापाइतकं सोयीचं दुसरं कोण सापडणार. कादंबरीचं नाव सांगत नाही. त्या नावात चार जोडाक्षरं होती एवढ्यावरून काय ते ओळखा.

दरबारात ऊठबस असलेल्या एका गृहस्थांनी मला शब्द दिला होता, की दसऱ्याला पुस्तकाची पहिली प्रत ते महाराजांच्या हातात ठेवतील. ही बातमी मी शाळेत, खाणावळीत आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवली होती. छपाई गणपतीच्या आधी संपली. तीनशे प्रतींचे फर्मे हातगाडीवर घालून मी चाचांच्या बोळात नेले, तेव्हा दसऱ्याला महिना होता. एवढ्यात होईल का, असं विचारल्यावर चाचा म्हणाले, तुम्ही किती भरभर वाचता त्यावर आहे.

मग रोज शाळा सुटली की मी चाचांसमोर मांडी घालून वाचू लागलो. माझा आवाज बरा होता आणि आपलंच लिहिलेलं वाचायला मला कधी कंटाळा येत नसे. चाचांना पुस्तक आवडत होतं. मुलगा गुऱ्हाळातून गूळ पळवतो त्या प्रकरणाला ते सुई खाली ठेवून हसले. नायकाची घोडागाडी मी एका बोळात घातली होती, तिथं त्यांनी मला थांबवून सांगितलं, की त्या बोळात गाडी शिरली तर वळायला जागा नाही, घोडा मागं मागं चालवत आणावा लागेल. पण एकूण मान डोलवत ऐकत होते. मी हवेत होतो.

अशा हवेतच मी तेराव्या फर्म्याला आलो. मुलगा जातो ते प्रकरण तेराव्या फर्म्यात नेमकं पहिल्या पानाला सुरू होऊन शेवटच्या पानाला संपत होतं. मला त्याचाही अभिमान होता. त्या सोळा पानांत माझा नायक आकाशाकडं हात करून देवाला जाब विचारतो, मुलाची खेळणी पंचगंगेत सोडतो, घाटावर दोन दिवस दगडासारखा बसतो आणि शेवटी सगळं सोडून काशीची वाट धरतो. ‘हा हंत’ हे शब्द त्यात अकरा वेळा आले होते. शेवटची दोन पानं मी मुद्दाम सावकाश, आवाज चढवून वाचली. संपवून मी मोठ्या आशेनं वर बघितलं.

चाचांचा हात थांबला होता. चष्म्याचा दोरा सैल करून त्यांनी तो पुन्हा बांधला.

“मास्तर, ह्यो बाप जेवला कवा?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रकरण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत दोन दिवस गेले, मग तो जेवला कधी. मी म्हणालो, चाचा, त्याचं एकुलतं एक पोर गेलंय, त्याला जेवणाची शुद्ध कुठली असणार.

“तुमाला पोरं किती?”

“लग्न व्हायचंय अजून.”

“मग ह्यो कुणाला बगून लिवलासा?” चाचा म्हणाले. बोलताना त्यांचा नेहमीचा मोठा आवाज नव्हता. “मी जेवलो, मास्तर. पोरीला माती देऊन आलो आन् बसून जेवलो. दोन भाकऱ्या. वर कांदा मागून घेतला.”

चाचांना मूल होतं हेच मला माहीत नव्हतं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं, नाहीतर त्या मुलीचं नाव तरी विचारायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. माझ्या सोळा सोन्यासारख्या पानांत यांनी कांदा आणला, एवढंच मला झोंबलं. मी ताडकन म्हणालो, की पुस्तक शिवणं तुमचं काम आहे, लिहायचं कसं ते आम्हाला कळतं.

चाचा रागावले नाहीत. “शिवतो की,” ते म्हणाले. “तीनशेच्या तीनशे शिवतो. ह्यो एक फर्मा न्हाय शिवत. दुसऱ्याकडं न्या, न्हाईतर दुसरा लिवून आना.” आणि त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली.

मी रागानं पायताण घालत होतो, तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्याआडून चाचींनी मला हाक मारली आणि बाजूच्या दारानं परड्यात बोलावलं. हातात पाण्याचा तांब्या दिला. उभ्या उभ्याच त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं आयुष्यभर विसरलो नाही. त्यांना एकच मुलगी होती. मुलींच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली. नऊ वर्षांची. बापासमोर बसून ती फर्म्यांच्या घड्या घालायची आणि घालता घालता त्यावरचं मोठ्यानं वाचायची. चाचांना मराठी पुस्तकं ऐकायची सवय तिनं लावली. अकरा वर्षांपूर्वीच्या साथीत गाव मोकळं केलं तेव्हा हे सगळे माळावर झोपडीत राहायला गेले, तिथंही काम सोबत नेलं होतं. शाळेच्या उजळणीच्या, म्हणजे पाढ्यांच्या, पुस्तकाचं काम. एके दिवशी पोरीच्या घड्या वाकड्या पडायला लागल्या. चाचा तिच्यावर खूप ओरडले. आतून ताप भरत आला होता म्हणून हात धड चालत नव्हता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी ती गेली. त्या वाकड्या घड्या चाचांनी ना उलगडल्या ना शिवल्या. छापखान्याकडून तेवढा कागद पुन्हा मागून घेतला आणि त्या घड्या दुसऱ्या शिकंज्यात पिळून ठेवल्या.

“तुमी त्येंच्यावर रागावू नगा,” चाची म्हणाल्या. “जेवल्याचं आजवर त्येनी कुणापाशी काडलं न्हाई. मला आठवत न्हाई आसं वाटतंय त्येस्नी. कांदा मीच फोडून दिलता. मीबी जेवलती.”

मी पाणी प्यालो आणि निघालो. राग उतरला होता, पण लेखक काही लगेच उतरत नाही. छापखान्याच्या मालकांनी दुसऱ्या बांधणाऱ्याचं नाव सुचवलं. तो काही न ऐकता, न विचारता आठवड्यात तीनशे प्रती शिवून देणार होता, म्हणजे दसरा गाठता आला असता. मी त्याच्याकडं जायला निघालोसुद्धा. वाटेत एकच गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्याआधी माझ्या आईची दोन मुलं गेली होती. एक मुलगा, एक मुलगी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मी बापाच्या दुःखावर अडीचशेच्या वर पानं लिहिली तरी आईला याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

मी शाळेतून चार दिवस रजा घेतली आणि गावी गेलो. आमच्याकडं तेव्हाही पाऊस लागून होता. वडील वारलेले, आई आणि चुलते शेत बघत. आई गोठ्यात धार काढत होती. मी दारात उकिडवा बसलो आणि विचारलं, की थोरला गेला त्या दिवशी तू काय केलंस. तिनं मान वर केली नाही. धार काढतच होती.

“ह्येच,” ती म्हणाली. “म्हस काय थांबती व्हय?”

मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी पाऊस एवढा होता, की भाताच्या खाचराची मेर, म्हणजे कडेचा बांध, फुटली. माझे वडील पोराला पुरून आले आणि तसेच खोरं घेऊन मेर बांधायला गेले. अंधार पडेपर्यंत चिखलात उभे होते. आल्यावर दोघं जेवले. आईनं सवयीनं तीन ताटल्या मांडल्या होत्या, त्यातली एक वडिलांनी न बोलता उचलून फळीवर ठेवली. तेवढंच. त्यावर दोघं आयुष्यात कधी बोलले नाहीत. मी विचारलं, मग तू रडलीस कधी. ती म्हणाली, आठ महिन्यांनी, मिरच्या कांडताना. डोळ्यांतनं पाणी यायला निमित्त होतं, कुणी विचारणार नव्हतं. सहा पायली मिरच्या तिनं त्या दिवशी एकटीनं कांडल्या. शेजारणीला हातसुद्धा लावू दिला नाही.

“मला कधीच का नाही सांगितलंस?”

“तू इचारलंस कवा?” आई म्हणाली आणि चरवी उचलून आत गेली.

त्या चार दिवसांत मी गोठ्याच्या शेजारी बसून ते प्रकरण पुन्हा लिहिलं. काशी गेली, घाट गेला, अकराच्या अकरा हा हंत गेले. माझा नायक घरी येतो, जेवतो, कांदा मागतो, मेर बांधायला जातो. परत येतो तेव्हा ताटल्या मांडलेल्या असतात. लिहिताना मी अजिबात रडलो नाही. हात मात्र दुखून आला.

कोल्हापुरात आल्यावर छापखान्याच्या मालकांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या आणि शेवटी ओळखीखातर फर्मा पुन्हा लावायला घेतला. तेव्हा एक नवीच अडचण निघाली. जुनं प्रकरण सोळा पानांचं होतं, नवं बारा पानांतच संपलं. पुढचे सगळे फर्मे छापून झालेले, त्यांवर पानांचे आकडे पडलेले. म्हणजे दोनशेचार पानानंतर एकदम दोनशेनऊ, आणि मधली चार पानं कोरी. मालक म्हणाले, तिथं केशतेलाची जाहिरात टाकू. मला तेही चाललं असतं, कारण माझा दसरा तर हातचा गेलाच होता. सीमोल्लंघनाची मिरवणूक मी रिकाम्या हातांनी बघितली. ज्यांना ज्यांना सांगून ठेवलं होतं ते सगळे मला त्या गर्दीत भेटले, आणि प्रत्येकानं पुस्तकाची चौकशी केली.

नवा फर्मा मी चाचांना वाचून दाखवला. बारा पानं वाचून झाल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं. मग आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात त्यांनी चाचींना खळ तापवायला सांगितली. मी जाहिरातीचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी जोरात मान हलवली.

“कोरी ऱ्हाऊ द्या. वाचनाऱ्याला जरा बसाय जागा पायजे.”

मला काळं कापड आणि सोनेरी अक्षरं हवी होती. चाचा म्हणाले, काळं नको, पुस्तक लोकांनी घरात ठेवायचं आहे. त्यांनी धुवट धोतराच्या रंगाचं साधं कापड लावलं. तीनशे प्रती शिवून, दाबून निघायला दिवाळी उलटली, कारण शिकंजा एकच चालत होता. मी एकदाही घाई केली नाही. दरबारातले गृहस्थ तोवर आपला शब्द विसरून गेले होते आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही.

पुस्तक फारसं खपलं नाही. पुण्याच्या एका मासिकानं चार ओळी लिहिल्या, त्यांतल्या दोन कोल्हापूरच्या छपाईतल्या गलथानपणावर होत्या, ऐन मोक्याच्या जागी चार पानं कोरी सुटली आहेत म्हणून. माझ्या मित्रमंडळींनी तो अंक जपून ठेवला आणि पुढं कितीतरी दिवस मला वाचून दाखवला. आमच्या शाळेतले एक शिक्षक तर पुस्तकातली तीच चार पानं सर्वांत चांगली उतरली आहेत असं मला म्हणत.

एकदा मात्र कसबा बावड्याचा एक शेतकरी शाळेत मला शोधत आला. बाजाराचा दिवस होता, डोक्यावर भाजीची पाटी तशीच. पुस्तक लिहिणारे मास्तर तुम्हीच का, असं त्यानं विचारलं. मला वाटलं, आता हाही छपाईची तक्रार करणार. त्यानं पाटी खाली ठेवली. त्याचा भाऊ शिकलेला होता, त्यानं घरात सगळ्यांना पुस्तक वाचून दाखवलं होतं.

“त्या कोऱ्या पानांवर आमच्या दोन पोरींची नावं लिवून घेटली भावाकडनं,” तो म्हणाला. “कुटंच लिवल्याली नव्हती. बरी सोय केलीसा, पावणं.” मग त्यानं पाटीतली एक मेथीची पेंडी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. त्यानंतर मासिकातल्या त्या दोन ओळी मला कधी लागल्या नाहीत.

चाचांकडं माझं येणं-जाणं पुढंही चालू राहिलं. माझं पुस्तक नसलं तरी कुणाचं ना कुणाचं वाचायला ते मला बसवून घेत. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांची चौकशी त्यांनी त्यांच्या घरच्या पंचांगाची पाठ तपासून केली आणि माणसं वस्तू नीट वापरणारी आहेत, असा निर्वाळा दिला. तो शंभर टक्के खरा निघाला. लग्नानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन बोळात गेलो.

चाचांनी पेढा डोळ्यांना लावून तोंडात टाकला. मुलगी कुणासारखी आहे, रडते का, रात्री झोपू देते का, सगळं विचारलं. बोलता बोलता माझं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. दुसऱ्या शिकंज्यावरचं कापड नव्हतं. त्यात कुणाची तरी दोन जाडजूड पुस्तकं दाबून ठेवलेली होती आणि मळसूत्राला नवं तेल दिसत होतं. मला वाटलं, कामच वाढलं असेल.

मग चाचांनी मागच्या फळीवरून माझी कादंबरी काढली. ही त्यांची स्वतःची प्रत. ती त्यांनी शेवटी, सगळ्या प्रती गेल्यावर, सवडीनं बांधली होती. मला ती जरा जाड वाटली.

“आता वाचा,” ते म्हणाले. “त्येच परकरण. आता तुमी बाप झालासा.”

खरं सांगायचं तर मला नको होतं. घरी पाळण्यात तेरा दिवसांचं पोर ठेवून आलो होतो. ज्या पानांचा मला अभिमान होता तीच आता उघडायची भीती वाटत होती. पण चाचांना नाही म्हणायची रीत त्या दुकानात नव्हती. त्यांनी सुईत दोरा ओवला, कुणाचंसं पुस्तक पुढं ओढलं आणि मी वाचायला सुरुवात केली. बाप घरी येतो. जेवतो. कांदा मागतो. मेर बांधतो. तीन ताटल्या. माझा आवाज दोन ठिकाणी अडला, दोन्ही वेळा चाचा खाली मान घालून शिवत राहिले. आतून चाचींच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. दोनशेचारावं पान संपलं, आणि पुढं कोरी पानं आहेत हे ठाऊक असल्यामुळं मी नुसतं सवयीनं पान उलटलं.

पान कोरं नव्हतं.

चाचांनी आपल्या प्रतीतली कोरी पानं काढून तिथं दुसराच फर्मा शिवला होता. कागद पिवळा पडलेला, आकार थोडा लहान. घड्या वाकड्या होत्या, इतक्या की वरची ओळ एका बाजूला चढत गेली होती आणि कडा एकमेकींना भेटत नव्हत्या. त्या कडांना चाचांनी कात्री लावली नव्हती. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात केसभर वाकडी कड दुकानाबाहेर जाऊ दिली नाही, त्यानं ती पानं होती तशी, वाकडीच्या वाकडी, मेणाच्या दोऱ्यानं बारीक टाके घालून शिवली होती. सबंध पुस्तकात इतके बारीक टाके दुसरीकडं कुठंच नव्हते.

मी नुसता बघत बसलो. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ते लपवायला माझ्याजवळ मिरच्या नव्हत्या. आत भाकऱ्यांचा आवाजही थांबला होता.

“वाचा की,” चाचा म्हणाले. “का थांबलासा?”

मी डोळे पुसले. बोट धोतराला कोरडं केलं आणि पानावर ठेवलं.

“बे एके बे,” मी वाचलं. “बे दुणे चार. बे त्रिक सहा.”

चाचांची सुई चालू झाली. मी शाळेत मुलांना पाढे घोकायला लावतो तसा न घाई करता वाचत गेलो. बे दाहे वीस म्हणून मी वर बघितलं. चाचांनी दोरा ओढून घट्ट केला, दातानं तोडला आणि नवा ओवायला घेतला.

“तीनाचा घ्या,” ते म्हणाले.

आत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि मी तीनाचा पाढा घेतला.